एफएसजे जर्मनी: वर्षभर वृद्धाश्रमात राबून आलो, खरा खरा रिव्ह्यू

इन्स्टावर एफएसजेचे रील फिरतायत ना, बर्फ, ट्रेन, मागे गाणं, त्यात एकानेही बेडपॅन दाखवलेलं बघितलं नाही म्हणून हे लिहितोय. मी गेलो सप्टेंबर २०२३ ला, परत आलो सप्टेंबर २०२४ ला. मूळचा इचलकरंजीचा, बीकॉम, मग पुण्यात राहून रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन केलं. घरी सांगितलं तेव्हा काकांनी सरळ विचारलं, "बीकॉम करून गोऱ्यांची धुवायला जाणार का?" तर हो काका, तेच केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एफएसजे म्हणजे फ्रायविलिगेस सोत्सियालेस यार, स्वेच्छेने समाजसेवेचं वर्ष. त्याचा पहिला कायदा १९६४ चा, मूळ त्यांच्या स्वतःच्या शाळा संपलेल्या पोरांसाठी, वय २७ च्या आत पाहिजे. बाहेरची पोरंही घेतात कारण माणसं कमी पडतात. नावात स्वेच्छा असली तरी काम फुल टाइम आहे, माझे आठवड्याला ३९ तास होते, वर २५ दिवस सेमिनार कंपल्सरी (ते मात्र मजेशीर).

आता पैसे, कारण सगळे आधी तेच विचारतात. त्याला पगार म्हणतच नाहीत, ताशनगेल्ड म्हणतात, म्हणजे पॉकेटमनी. मे २०२४ पर्यंत त्याची वरची मर्यादाच महिन्याला ४५३ युरो होती आणि मला ४०० मिळायचे. रूम फुकट, ड्युटीवर असताना जेवण फुकट, इन्शुरन्स संस्था भरते. रुपयात करून आईला सांगितलं तर तिला वाटलं पोरगं सेट झालं, पण तिथे तेव्हा ४९ युरोला मिळणारा ट्रेनचा पास काढला, मोबाइल, किराणा, शिवाय घरात टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची फी घरटी १८.३६ युरो भरावीच लागते (आम्ही तिघं वाटून घ्यायचो), की महिनाअखेर खिशात चिल्लर उरते. मी बाटल्या परत करायला न्यायचो, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट मिळतात, लाज वगैरे पहिल्या आठवड्यात गेली. घरी पैसे पाठवायच्या विचाराने जात असाल तर जाऊ नका. पैशाला ५ पैकी दीड.

एजंटला शून्य. नाव घेत नाही, पण पुण्यातल्या एकाने माझ्याकडून १ लाख ६० हजार घेतले आणि केलं काय तर माझाच सीव्ही टाइप करून मेल केला. सेमिनारला गेलो तर कोलंबियाची, मादागास्करची पोरं भेटली, थेट अर्ज करून आलेली, एक पैसा न देता. दियाकोनी, कारितास, रेड क्रॉस या सेवा संस्थांच्या साइटवर अर्ज करता येतो, त्याचे ते पैसे घेत नाहीत. जर्मन मात्र बी१ लेव्हलपर्यंत नीट करा.

माझं होम बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात, श्वेबिश आल्बच्या डोंगरात, आल्बस्टाटच्या बाजूला. बी१ चं सर्टिफिकेट घेऊन गेलो आणि पहिल्या दिवशी एक आजोबा बोलले त्यातलं एक अक्षर कळलं नाही, श्वेबिश बोली वेगळीच आहे, सगळ्या शब्दांना शेवटी 'ले' लावतात. हा भाग एकेकाळी होजिअरीचा, बनियन-अंडरवेअरचे कारखाने, नंतर बरेच बंद पडले. म्हणजे मी मागांच्या गावातून उठून दुसऱ्या मागांच्या गावात गेलो होतो, फक्त इथे खडखड थांबलेली होती.

सकाळची पाळी साडेसहाला. उठवायचं, अंग पुसायचं, डायपर बदलायचं, कपडे घालायचे, रोलेटर (चाकांचा वॉकर) हातात देऊन जेवणाच्या हॉलमध्ये आणायचं. औषधं, इंजेक्शन यातलं काही आपण करायचं नाही, ते नर्सचं. पहिले पंधरा दिवस मला दुपारचं जेवण जात नव्हतं, खोटं कशाला बोलू. आणि साडेअकराला जेवण, साडेपाचला रात्रीचं, तेही गार, ब्रेड आणि चीज. पण बुधवारी कधी कधी लिन्झन मिट श्पेट्झले असायचं, मसूर आणि पिठाच्या वेड्यावाकड्या शेवया. सॉसेज बाजूला काढा, डोळे मिटा, वरणफळं. फक्त त्यात व्हिनेगर का घालतात हे मी वर्षभर विचारून कुणी सांगितलं नाही.

एक गोष्ट तिसऱ्या दिवशी शिकलो. मी बोलून गेलो की या आजींना मी 'फ्युटर्न' करतो, म्हणजे भरवतो. सिनियर नर्सने बाजूला घेतलं, म्हणाली तो शब्द जनावरांना आणि बाळांना, इथे म्हणायचं 'एसेन आनराइशन', जेवण हातात देणे. मला आधी गंमत वाटली, आपल्यात तर भरवणं म्हणजे प्रेमाचं काम. पण मग लक्षात आलं, ती बाई ८८ वर्षांची, तिला कुणी विचारलंय का की घास आत्ता हवा का नंतर? तेव्हापासून मी चमचा पुढे धरून थांबायला लागलो. काही जण तोंड उघडायला दोन मिनिटं घेतात. ती दोन मिनिटं थांबणं हेच काम आहे, बाकी सगळं धावपळ.

याच आजी होजिअरीत शिलाईला होत्या. डिमेन्शिया, मला रोज नवीन माणूस समजायच्या. एकदा मोजे घालायला खाली वाकलो तर त्यांनी माझ्या टीशर्टची बाही धरली, उलटी केली, आतली शिवण अंगठ्याने चाचपत शेवटपर्यंत नेली आणि तोंड वाकडं केलं. टीशर्ट आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगर मार्केटमधला, दीडशेचा, दोरे लोंबत होते. नंतर मी मुद्दाम रोज बाही पुढे करायचो. रोज तपासणी, रोज नापास. त्या मूडमध्ये आल्या की पाणीही प्यायच्या, एरवी कप ढकलून द्यायच्या. ठसका लागू नये म्हणून पाण्यात पावडर घालून घट्ट करतात, तशा दोन कपांची नोंद वहीत केली की युबरगाबेला, म्हणजे पाळी बदलताना, ती नर्स मान हलवायची. बीकॉमच्या फर्स्ट क्लासला एवढं बरं वाटलं नव्हतं, आईशप्पथ.

आता एक न लिहिलेलं बरं पण लिहितो. माझी स्वतःची आजी दोन वर्षं अंथरुणाला होती. एक मावशी यायच्या, त्या सगळं करायच्या, मी दारातूनच "आजी, बरीयेस ना" म्हणून क्लासला पळायचो. नाकाला रुमाल लावून. आल्बस्टाटहून एका रात्री आईला फोन करून विचारलं, त्या मावशींना आपण किती द्यायचो? आठ हजार म्हणाली. आणि नाव? ती म्हणाली अरे सगळे मावशीच म्हणायचे.

कंटाळा येतो का, तर येतो. हिवाळ्यात साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद, गावात आपलं बोलणारं कुणी नाही. माणसं कमी असली की तुमच्यावर जास्त काम टाकतात, आमच्या वॉर्डात एकदा सलग नऊ दिवस ड्युटी लावली, तेव्हा सेमिनारच्या बाईंना मेल करा, त्या बोलतात. फुकट मिळतं म्हणून गप्प बसू नका.

आपल्या राज्याने २०२४ ला याच बाडेन-व्युर्टेनबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, १० हजार पोरांची बातमी वाचली असेल. त्यातून नर्सिंगला जायचा विचार असेल तर आधी एफएसजेत एक वर्ष बघून घ्या, झेपतंय का. मी आता तीन वर्षांच्या नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत शिकायच्या कोर्सला, अर्ज टाकलाय, त्याला दुपटीच्या वर पैसे आहेत.

कामाला ५ पैकी ५, जेवणाला २, बुधवारी ४. न घसरणारे बंद बूट इथूनच घेऊन जा, तिथे महाग पडतात. आणि टीशर्ट जरा बऱ्या शिलाईचे न्या.