कॉकटेलसाठी संत्रं घेताना: नागपुरी, परदेशी की मोसंबी?

हिवाळ्यात बेळगावच्या बाजारात सैल सालीचं नागपुरी संत्रं, घट्ट सालीचं परदेशी संत्रं आणि मोसंबी शेजारीशेजारी मांडलेली असतात. काय घ्यायचं ते भावावर ठरवू नका, ग्लासात रस जाणार की साल, ते आधी बघा.

रस हवा असेल तर हंगामातलं नागपुरीच. रंग आणि वास दोन्ही त्याचेच खरे. स्क्रूड्रायव्हर या कॉकटेलला 50 मिली व्होडका आणि 100 मिली रस, म्हणजे दोन-तीन फळं. मिक्सर वापरू नका. बिया फुटल्या की रस कडू होतो, मग कितीही साखर घाला. आडवं कापून हातानं पिळा आणि गाळून घ्या.

अनेकांचं पेय बिघडतं ते आंबटपणापाशी. संत्र्याच्या रसात आम्ल साधारण एक टक्का, लिंबात सहाच्या आसपास. लिंबाच्या जागी नुसतं संत्रं घातलं तर पेय गुळमट लागतं आणि बर्फ वितळला की पाणचट. म्हणून 60 मिली रसाला 10 ते 15 मिली लिंबू पिळा. लिंबाची चव नको असेल तर 100 मिली रसात 5 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. हा रस मात्र लिंबाच्याच मापानं, 20-25 मिली वापरायचा.

ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलला साल लागते, त्यासाठी परदेशी संत्रं. नागपुरीची साल पातळ, सोलणीखाली फाटते. परदेशी फळावर बहुधा मेण असतं, ते कोमट पाण्यात घासून काढा. 5 सेंमी लांब पट्टी काढा, पांढरा भाग शक्य तितका कमी. रंगीत बाजू ग्लासाकडे धरून दुमडा, तेलाचे बारीक थेंब व्हिस्कीवर तरंगताना दिसतात. या फळाचा, त्यातही नेव्हलचा (बुडाशी बेंबीसारखी खूण असलेली जात), रस पिळून ठेवू नका. काही तासांत कडवट होतो.

मोसंबी फिकी आणि कमी आंबट. जिनबरोबर चालते, पण लिंबू हवंच आणि रस ताजाच. पाकिटातल्या रसात साखर किती ते वाचून मगच सिरप घाला.

काजू फेणीच्या उग्र वासापुढे नागपुरीच टिकतं: 45 मिली फेणी, 60 मिली रस, 15 मिली लिंबू, चिमूटभर मीठ. (बाटली गोव्याहून आणणार असाल तर परवान्याचे नियम आधी बघा.) बर्फासह 12-15 सेकंद जोरात हलवा, गाळा आणि सोडा वरून, ग्लासातच घाला. शेकरमध्ये घातला तर झाकण उसळतं.