जकार्तातलं गल्लीतलं वार्तेग: काही महिने दुपारचं जेवण तिथेच घेतल्यावर

दक्षिण जकार्तात ऑफिसांच्या मागच्या कुठल्याही गल्लीत सापडेल असं हे एक वार्तेग. पूर्ण नाव वारुंग तेगल, म्हणजे जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या तेगलकडच्या लोकांनी चालवलेली खानावळ. काचेचं कपाट, त्यात वीसेक भांडी, समोर लांब बाकडं. मेनूकार्ड नाही, दरपत्रक नाही. बोट दाखवायचं आणि बसायचं. जकार्तात नव्याने आलेल्यांना मॉलमधल्या नटवलेल्या इंडोनेशियन जेवणापेक्षा मी हेच सुचवेन, मात्र काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. स्वयंपाक पहाटे सुरू होतो आणि दहाच्या सुमारास कपाट भरतं. ते कपाट गरम ठेवणारं नसतं, अन्न हवेच्याच तापमानाला राहतं. त्यामुळे अकरा ते साडेअकरा ही उत्तम वेळ. बारानंतर गर्दी, शुक्रवारी मशिदीतली नमाज सुटली की पाय ठेवायला जागा नसते. दीडनंतर गेलात तर कांकुंग (आपली नाळीची भाजी) काळवंडलेली, तळलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) चिवट, आणि नारळाच्या दुधातली भाजी, सायुर लोदेह, धोक्याच्या हद्दीत. लोदेहच्या कडेला बारीक फेस दिसला किंवा वास किंचित आंबट आला तर घेऊ नका. उशिरा जाणं अटळ असेल तर कोरडे पदार्थ घ्यावेत: गोड सॉसमध्ये परतलेलं सुकं ओरेक तेंपे, बटाट्याच्या तळलेल्या काड्यांचं केंतांग मुस्तोफा, दादार म्हणजे अंड्याचं ऑम्लेट.

मागवायची रीत सोपी आहे. वाढणाऱ्या बाईंना 'बू' किंवा वयाने लहान असतील तर 'म्बाक' म्हणावं. आधी भात: भूक बेताची असेल तर 'नासी सेतेंगाह', म्हणजे अर्धा. पूर्ण भात चांगला ढीगभर येतो. भात आपल्या आंबेमोहोरासारखा, थोडा चिकट. मोकळ्या बासमतीची अपेक्षा ठेवू नये. मग 'पाके आपा?' असा प्रश्न येतो, सोबत काय हवं. माझ्या मते चांगलं ताट म्हणजे एक पालेभाजी किंवा मोड आलेल्या मुगाची तोगे, एक तेंपे किंवा तोफू, आणि एक अंडं किंवा मासा. तिन्ही पदार्थ केचाप मानिसमधले, म्हणजे गूळ घातलेल्या दाट गोड सोया सॉसमधले निवडलेत तर जेवण मिठाईकडे झुकतं. नवख्या मराठी जिभेची पहिली तक्रार तिखटाची नसते, गोडाची असते. एक केचापचा, एक बालादोचा (लाल मिरचीच्या वाटणातला) आणि एक पातळ आंबट, हा मेळ बरा बसतो. आंबटासाठी सायुर आसेम: चिंच, भुईमुगाचे दाणे, मक्याचे तुकडे, चवळीच्या शेंगा, चायोटे (दुधीसारखी फळभाजी). वरणभाताची सवय असलेल्याला यासारखा दिलासा नाही.

लोदेह किंवा बालादोमध्ये बटाट्यासारखा दिसणारा तंतुमय तुकडा असेल तर तो कुलिंजनाचा, आल्यासारख्या मुळाचा, ज्याला इथे लेंगकुआस म्हणतात. चावायचा नाही, बाजूला काढायचा.

आता शाकाहारींचा प्रश्न. कपाटात डोळ्यांना निम्मं शाकाहारी दिसतं, प्रत्यक्षात त्यातलं फार थोडं असतं. कांकुंगमध्ये बहुधा तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची गोळी. लोदेहमध्ये एबी, म्हणजे आपले सोडे. बटाट्याच्या सांबल गोरेंगमध्ये (सांबल म्हणजे मिरचीचं वाटण) कलेजीचे चौकोनी तुकडे बटाट्याच्याच मापाचे आणि त्याच रंगाचे. पेर्केदेल हा बटाटवड्याचा भाऊ वाटतो, पण तो अंड्यात बुडवून तळतात आणि कधी आत खिमाही असतो. कोंबडीच्या चवीची पावडर तर बहुतेक भाज्यांत. 'तिदाक पाके तेरासी', म्हणजे तेरासी नको, असं म्हणून उपयोग नाही, कारण भाजी पहाटेच शिजलेली असते. कडक शाकाहारींनी साधं तळलेलं तेंपे, तोफू आणि भात यापुढे जाऊ नये, तेलही वेगळं नसतं हे गृहीत धरून.

आणि रस्सा! भातावर 'कुआह' फुकट ओततात, न विचारता. तो बहुतेक वेळा सेमुरचा, म्हणजे केचाप मानिसमध्ये शिजवलेल्या पदार्थाचा असतो, आणि सेमुर बीफचं असू शकतं. बीफ वर्ज्य असेल तर भात वाढला जात असतानाच 'तान्पा कुआह', म्हणजे रस्सा नको, असं म्हणून मोकळं व्हावं किंवा कुठल्या भांड्यातला हवा ते दाखवावं. 'किकिल' या नावाचे चकचकीत मऊ तुकडेही गाईचेच. डुकराचं मांस मात्र वार्तेगमध्ये नसतं.

माशांत तोंगकोल सगळीकडे असतो, गेदर-कुप्याच्या जातीचा. चव उत्तम, पण हा मासा शिजण्याआधी उष्णतेत पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. घास घेताच जीभ चुरचुरली किंवा मिरपुडीसारखी झोंबली तर तिथेच थांबायचं. चेहरा लाल होणं आणि अंगाला खाज ही पुढची लक्षणं.

काही महिने सलग जेवणाऱ्यालाच कळेल अशी एक बाब आहे. बऱ्याच वार्तेगांत दोन कुटुंबं पाळीपाळीने दुकान चालवतात. तीन-चार महिन्यांनी एक गावी शेतीकडे जातं, दुसरं येतं. पाटी तीच, कपाट तेच, पण हात बदलतो. इथे पाळी बदलल्यावर बालादो जास्त तिखट झालं, ओरेक तेंपे ओलसर आलं आणि सांबलमधली तेरासी वाढली. म्हणून जागा बिघडली असं ठरवण्याआधी पाळी बदलली का ते विचारावं. जुनं कुटुंब परतलं की जुनी चवही परतते.

पैसे जेवण झाल्यावर द्यायचे. काय काय घेतलं ते आपण सांगायचं, बाकवान म्हणजे भाजीची भजी उचलली असतील तर तीही मोजून. भात, भाजी, तेंपे आणि अंडं साधारण 15 ते 18 हजार रुपिया, म्हणजे शंभर रुपयांच्या आतबाहेर. कोंबडी किंवा मासा घेतला तर 20 ते 25 हजार. माकुळ किंवा मोठा मासा घेण्याआधी भाव विचारावा, तिथेच आकडा फुगतो. जास्मिनचा वास असलेला बिनसाखरेचा चहा, तेह तावार, अनेक ठिकाणी फुकट असतो. गोड हवा तर पैसे पडतात. सुटे 5 आणि 10 हजारांचे ठेवावेत.

घरी न्यायचं असेल तर 'दिबुंगकुस', म्हणजे बांधून द्या, असं सांगा, पण रस्सा वेगळ्या पिशवीत मागा. कागदाच्या पुडक्यात भातावरच ओतला तर अर्ध्या तासात सगळ्याचा गोळा होतो, आणि केरुपुक, म्हणजे इथला पापड, तर हवेनेच मऊ पडतो.

रमझानमध्ये पडदा लावून दिवसाही वार्तेग सुरू असतं. पडदा बाजूला सारून आत जायचं, बाहेर उभं राहून खायचं नाही. ईदच्या सुमारास मात्र सगळे तेगलला जातात आणि आठवडा-दहा दिवस शटर बंद, तेवढ्या काळासाठी घरी डाळ-तांदूळ भरून ठेवा.