माटवीचे पाचशे तुकडे: छायाचित्रावरून जिगसॉ कोडे बनवून देणाऱ्या सेवेचे परीक्षण

घरातील छायाचित्र पाठवले की त्याचे जिगसॉ कोडे बनवून घरपोच देणाऱ्या अनेक सेवा आता ऑनलाइन आहेत. त्यांपैकी एका सेवेकडून आम्ही एकाच छायाचित्राची दोन कोडी मागवली, एक पुठ्ठ्याचे आणि एक एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीचे. दोन्ही जुळवून, चौकटीत बसवून वेंगुर्ल्याच्या घरात लावली आणि त्यांनी एक अख्खा पावसाळा काढला, त्यामुळे हे परीक्षण केवळ छपाईपुरते मर्यादित नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने तुकड्यांच्या संख्येपेक्षा छायाचित्राची निवड आणि चौकट यांवर अधिक विचार करावा, असे आमचे ठाम मत झाले आहे.

कोकणातील बहुतेकांना पहिल्यांदा समुद्राचेच छायाचित्र पाठवावेसे वाटते. मात्र वर मोकळे आकाश आणि खाली सपाट वाळू असेल, तर निम्म्याहून अधिक तुकडे एकाच रंगाचे होतात आणि जुळवणाऱ्याला केवळ आकारावर विसंबून राहावे लागते. सामूहिक छायाचित्राची अडचण वेगळी आहे. ए-३ आकाराच्या, म्हणजे ४२ गुणिले २९.७ सेंटिमीटरच्या कोड्याचे ५०० तुकडे केले, तर एकेक तुकडा जेमतेम दीड सेंटिमीटरचा होतो, आणि वीस-पंचवीस माणसांच्या छायाचित्रात प्रत्येकाचा चेहरा एक-दोन तुकड्यांत विभागला जाऊन नेमकी डोळ्यांवरून कापणी जाते. आम्ही निवडले ते चतुर्थीचे छायाचित्र: मखरातील गणपती, आणि वर नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे, हरणाची फुले व आंब्याचे टाळे बांधलेली माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. प्रत्येक इंचावर वेगळा रंग आणि वेगळा पोत असल्यामुळे पाचशे तुकडे कुठेही कंटाळवाणे झाले नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांनी तर हातात आलेल्या तुकड्यावरचा देठ पाहूनच तो कोणत्या फळाचा हे सांगायला सुरुवात केली, आणि मुलांना माटवीतील रानफळांची नावे आपोआप पाठ झाली. या कोड्याचे याहून मोठे सार्थक आम्हांला दुसरे दिसत नाही.

छायाचित्र पाठवताना मूळ फाइलच द्यावी. ए-३ आकारात स्वच्छ छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके धरले, तर सुमारे ४९६१ गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेले छायाचित्र आकुंचित झालेले असते, म्हणून नातेवाइकांकडून मागवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. फोनच्या छायाचित्राची लांबी-रुंदी ए-३च्या प्रमाणात नसते, त्यामुळे दोन बाजू छाटल्या जातात. या सेवेने छाटणीचा नमुना आधी दाखवून संमती घेतली, हे विशेष उल्लेखनीय आहे.

छपाई दोन्ही कोड्यांवर उत्तम होती आणि झेंडूचा केशरी रंग मूळ छायाचित्रासारखाच उतरला होता. पुठ्ठ्याचे तुकडे पोलादी पात्यांच्या साच्याने दाबून कापलेले होते, एमडीएफचे लेझरने. लेझरने कडा किंचित करपतात आणि जुळवल्यावर तुकड्यांमध्ये बारीक तपकिरी रेघ दिसते, ती मात्र लाकडी वस्तूला शोभून दिसते. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६०च्या दशकात भूगोल शिकवण्यासाठी लाकडी फळीवर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, तेव्हापासून या खेळाचे नाते लाकडाशी आहे. पुठ्ठा नंतर स्वस्ताईसाठी आला. एमडीएफला येथे जवळपास दुप्पट किंमत पडली.

ती किंमत वसूल होते का, याचा निर्णय पावसाळ्यात लागला. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतील ओलावा कागदात शिरतोच. चौकटीत घालण्याआधी आठवडाभर टेबलावर उघडे राहिलेले पुठ्ठ्याचे कोडे कडांना वर उचलले गेले आणि काही तुकड्यांच्या गोल टोकांवरील छापील कागद सुटू लागला. एमडीएफ सपाट राहिले. अर्थात एमडीएफही पाण्याचे वैरीच आहे आणि प्रत्यक्ष ओल लागली तर कडांना फुगते, त्यामुळे त्याला अभेद्य समजू नये.

जुळवलेले कोडे चिकटवण्यासाठी पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल वरून फासण्याची पद्धत प्रचलित आहे. पुठ्ठ्याला ती बाधते, कारण पाण्याने कागद ताणला जातो आणि सुकताना कोडे वाकते. त्यापेक्षा दोन फळ्यांमध्ये धरून कोडे उलटे करावे आणि पाठीमागून चिकट शीट लावून सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर बसवावे. सावंतवाडीच्या फ्रेमवाल्याने आम्हांला आणखी एक मोलाची गोष्ट करून दिली. काच थेट छपाईवर टेकू न देता मध्ये पातळ पट्टी बसवली, कारण दमट दिवसांत छापील पृष्ठभाग काचेला चिकटतो आणि मग तो सोडवताना रंगही निघतो. मागचा प्लाय त्याने कागदी टेपने चारही बाजूंनी बंद केला, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळते. नैर्ऋत्येकडून पावसाचा मारा खाणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीवर काहीही टांगू नये. माजघराची आतली भिंत यासाठी योग्य. तिथे ऊनही पोहोचत नाही, त्यामुळे रंग टिकतात.

सेवेतील खरी उणीव वेष्टनात आहे. तुकडे साध्या, न चिकटवलेल्या पिशवीत होते, आणि पुठ्ठ्याच्या कोड्यात माटवीतील एक तुकडा कमी निघाला. तक्रार केल्यावर त्यांनी पूर्ण दुसरा संच छापून पाठवला. साचा तोच असल्यामुळे नवा तुकडा आकाराने अचूक बसला; छपाई मात्र केसभर सरकलेली असल्याने कवंडळाचा देठ शेजारच्या तुकड्याशी जुळत नाही. मुळात तक्रारीची मुदत सात दिवसांची असून ती उलटून गेली होती, आणि विनंतीनंतरच त्यांनी सवलत दिली. कमी असलेला तुकडा कोडे पूर्ण झाल्याखेरीज कळत नाही, आणि नोकरी-शाळा सांभाळून पाचशे तुकडे जुळवणाऱ्या घराला सात दिवस पुरत नाहीत. ही मुदत किमान महिनाभर करावी आणि पिशवी मोहोरबंद द्यावी, असे आम्ही त्यांना लेखी कळवले आहे.