नवा कॅम, जुने टॅपेट: बोटीच्या इंजिनात झालेली फसवणूक

जुनी बिग-ब्लॉक (मोठ्या आकाराच्या व्ही-८) इंजिनाची बोट ज्यांच्याकडे आहे आणि या हिवाळ्यात इंजिन उघडायचा ज्यांचा बेत आहे, त्यांनी हे जरूर वाचा. बिलावर 'नवा कॅम, नवे टॅपेट, ब्रेक-इनसह' अशी ओळ छापलेली असते. त्या ओळीचे मी रोख पैसे मोजले आणि पहिल्याच उन्हाळ्यात कॅमचे दोन लोब घासून सपाट झाले. कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, लोब म्हणजे त्यावरचे उंचवटे, टॅपेट म्हणजे लोबवर टेकून ती उचल वर पोचवणारा छोटा दंडगोल, आणि ब्रेक-इन म्हणजे नवे भाग एकमेकांना सरावावेत म्हणून इंजिन पहिल्यांदा ठरावीक रीतीने चालवणं.

माझी बोट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. ४५४ घनइंचाचं, म्हणजे ७.४ लिटरचं शेवरोले व्ही-८. याला रोलर टॅपेट नाहीत, जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट आहेत. सपाट म्हणायचं एवढंच, कारण नव्या टॅपेटचा तळ मध्यभागी एक-दोन हजारांश इंच फुगीर असतो आणि कॅमच्या लोबला किंचित उतार दिलेला असतो. त्यामुळे कॅम फिरला की टॅपेट स्वतःभोवतीही फिरतं आणि झीज एकाच जागी होत नाही. टॅपेट फिरायचं थांबलं की लोब संपलाच, कधीकधी काही मिनिटांत.

म्हणून नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस ते तीस मिनिटं फार जपायची असतात. लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची काळी पेस्ट लावायची. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटून देणारा भाग) काढून ड्रिलने ऑईल पंप फिरवायचा आणि तेलाचं प्रेशर आधीच आणून ठेवायचं. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू व्हायला हवं, नुसतं स्टार्टर मारत बसायचं नाही. सुरू झालं की लगेच दोन-अडीच हजार आरपीएमवर न्यायचं आणि तिथेच थोडं वरखाली करत ठेवायचं. आयडलवर अजिबात सोडायचं नाही, कारण कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः खालच्या क्रँकशाफ्टच्या उडवणीतून, आणि मंद गतीला ती उडवण पुरेशी नसते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंग दुहेरी असतील तर आतली स्प्रिंग तेवढ्यापुरती काढून ठेवतात.

गाडीला हे सगळं दारात उभं करून करता येतं. बोटीचं तसं नाही. ट्रेलरवर बागेतल्या पायपाने पाणी देऊन एवढं मोठं इंजिन अडीच हजारावर अर्धा तास चालवणं धोक्याचं. पाणी कमी पडलं तर इंजिन तापतं आणि पंपाचा रबरी इम्पेलर जळतो तो वेगळाच. पाण्यात उतरवून करावं, तर आमच्याकडे, मिशिगनमध्ये, मरिना (बोटी बांधायची जागा) क्लिंटन नदीत. तिथून सेंट क्लेअर सरोवरात पोचेपर्यंत लाट उठवायला बंदी, म्हणजे सगळी वाट आयडलवर. नव्या कॅमला याहून वाईट काही नाही. हे सगळं मी दुकानदाराला ईमेलमध्ये लिहून कळवलं होतं आणि ब्रेक-इन दुकानातच, स्टँडवर करून द्या असं सांगितलं होतं. त्याने होकार दिला आणि त्याचे वेगळे दीड तास बिलात लावले. हे ईमेल पुढे फार उपयोगी पडलं.

इंजिन मार्चमध्ये ताब्यात आलं, बोट पाण्यात गेली ती मेमोरियल डेच्या (मे अखेरच्या सुटीच्या) नंतर. सुरुवातीला सगळं ठीक. मग डाव्या बाजूने टिकटिक यायला लागली, थ्रॉटल दाबला की कार्ब्युरेटरमधून फटका उडायचा आणि बोट पाण्यावर उचलेना. दुकानदाराला फोन केला, तर माझं बोलणं पूर्ण व्हायच्या आत उत्तर तयार: "तुम्ही आयडलवर चालवलंत. नाहीतर झिंक नसलेलं तेल घातलंत. कॅमला वॉरंटी नसते."

हे उत्तर इतकं सोयीचं का आहे, ते समजून घ्या. २००४ साली आलेल्या एपीआय एसएम या इंजिन तेलाच्या अमेरिकी दर्जापासून नेहमीच्या पातळ पेट्रोल-इंजिन तेलांतलं फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर बांधलं गेलं, कारण त्याने गाड्यांचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतं. फॉस्फरस कमी म्हणजे झेडडीडीपी (झिंक आणि फॉस्फरस असलेलं झीज रोखणारं रसायन) कमी, आणि सपाट टॅपेटचं रक्षण करतं ते तेच. म्हणजे तेलाची सबब अगदीच खोटी नाही, आणि कॅम बनवणाऱ्या कंपन्याही घासलेल्या लोबची जबाबदारी सहसा घेत नाहीत. याच्या आडोशाने कुठलंही वाईट काम झाकता येतं. माझ्या बाबतीत एकच अडचण होती: तेल त्यानेच भरलं होतं आणि ब्रेक-इनचे पैसेही त्यानेच घेतले होते.

त्या वेळी सासरे आमच्याकडे आले होते. पिंपरीच्या टेल्कोत टूलरूममध्ये उभी नोकरी झालेली. रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर) डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळी माप) लावायची कल्पना त्यांचीच. बहुतेक लोबची उचल कागदावर दिलेल्या ०.३१० इंचाच्या जवळपास आली, दोघांची मात्र जेमतेम ०.२४०. ऑईल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, तर आत राखाडी चकाकणारी पूड. मग इनटेक मॅनिफोल्ड काढला आणि टॅपेट एकेक करून जुन्या टॉवेलवर ओळीने मांडले.

सासऱ्यांनी दोन टॅपेट उचलले, तळाला तळ लावले आणि खिडकीकडे धरले. नवे असते तर मधला फुगीर भाग टेकून कडेने उजेड दिसला असता आणि दोन्ही एकमेकांवर डुललेही असते. इथे कडा टेकलेल्या आणि मध्ये फट, म्हणजे फुगवटा झिजून गेलेला. असं टॅपेट नव्या कॅमवर नीट फिरत नाही. "जावईबापू, हे तीन महिन्यांचे नाहीत. ह्यांनी चांगली नोकरी केली आहे," म्हणाले. अंगावर जळक्या तेलाचे तपकिरी पट्टे होते, धुऊनही न गेलेले. वरची क्लिप काहींना तारेची, काहींना पत्र्याची. एका सेटमध्ये दोन प्रकारच्या क्लिपा येत नाहीत. कॅम खरंच नवा होता, टॅपेट मात्र कुठल्या तरी दुसऱ्या इंजिनांतून काढून धुऊन बसवलेले. कोविडनंतर चांगले सपाट टॅपेट मिळणं अवघड झालं होतं, किमतीही चढल्या होत्या. कारण समजू शकतो, पण बिल नव्याचं होतं.

आता ब्रेक-इनचं. ते झालं की नाही, हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही. पण असे घासलेले टॅपेट घालून इंजिन स्टँडवर अर्धा तास चालवलं असतं, तर फिल्टरमधली ती पूड तिथेच दिसायला हवी होती. म्हणजे एक तर चालवलंच नाही, किंवा चालवून, पाहून गप्प बसले. बिल दोन्ही बाजूंनी त्यालाच अडकवत होतं.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले होते, पण बिलाबद्दलची लेखी तक्रार पहिलं स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत करायची असते. हिवाळ्यात काम करून घेणाऱ्या प्रत्येक बोटवाल्याची इथे पंचाईत होते, कारण बोट पाण्यात जाईपर्यंत मुदत उलटलेली असते. बँकेने तेच सांगून हात वर केले. मग स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांचं कोर्ट. मिशिगनमध्ये २०२४ पासून ७,००० डॉलरपर्यंतचा दावा तिथे वकिलाशिवाय लढवता येतो. टॅपेटचे फोटो, डायल गेजचे आकडे, ते ईमेल आणि त्याचंच बिल जोडून दावा टाकला.

जाणकार माणसाने आधी पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. टॅपेटचं खोकं आणि कॅमचं कार्ड (मापांचा कागद) दुकानातून मागून घ्या, कार्डावरचा नंबर कॅमच्या टोकाला कोरलेल्या नंबराशी जुळवा. टॅपेट आत जाण्याआधी फोटो मागा, तळ दिसेल असा. ब्रेक-इनच्या वेळी स्वतः हजर राहा. दुकानदार नको म्हणाला तर दुकान बदला. चालू इंजिनाचं व्हॉल्व्ह कव्हर काढून प्रत्येक पुशरॉड (टॅपेटवर उभी असलेली सळई) फिरतोय का ते बघता येतं, तो फिरतोय म्हणजे खालचं टॅपेटही फिरतंय. तेल उडतं, जुने कपडे घालून जा. नंतर फिल्टर तुमच्यासमोर कापायला लावा. आणि काढलेला कुठलाही भाग दुकानात परत देऊ नका, "तपासायला पाठवा" म्हणाले तरी.

सुनावणीच्या आधी त्याने कॅम, टॅपेट आणि मजुरीचे पैसे परत केले. पूड बेअरिंगांत गेली होती, तो इंजिनाच्या खालच्या भागाचा सगळा खर्च माझ्याच माथी आला. पैसे देताना दुकानाचं नाव कुठेही लिहायचं नाही अशी सही घेतली, म्हणून ते इथे नाही.