ऑनलाइन फंक्शनल ॲनालिसिस: पाच महिन्यांनंतर

एम.एस्सी. होऊन अकरा वर्षं झाली. अकरावी-बारावीला गणित शिकवतो, त्यामुळे बानाख स्पेस, हिल्बर्ट स्पेस (लांबी-अंतर मोजता येणाऱ्या, बहुधा अनंत मितींच्या स्पेस) हे शब्द कानाला ओळखीचे, पण कुणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. म्हणून जुलैत एका विद्यापीठाचा फंक्शनल ॲनालिसिसचा (फंक्शन्सनाच बिंदू मानून त्यांच्यातली अंतरं मोजणारं गणित) हा सुरुवातीचा ऑनलाइन कोर्स लावला. (नाव लिहीत नाही, तक्रारीही आहेत.) आठवड्याला दोन लेक्चर, एक प्रॉब्लेम सेशन, पंधरवड्याला असाइनमेंट.

लेक्चर ठीक. सर टॅबवर हातानं लिहितात, तेव्हा वहीचा वेग जुळतो. पण हान-बानाख प्रमेयाच्या दिवशी तयार स्लाइड्स आल्या आणि सिद्धतेला लागणाऱ्या झोर्नच्या लेमासकट सगळं एका बैठकीत उरकलं. नेमकी त्याच संध्याकाळी आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीत लाइट गेली. रेकॉर्डिंग उघडलं तर पहिली वीस मिनिटं आवाजच नाही. मेल केला, नऊ दिवसांनी उत्तर, "नोट्स बघा."

पैसे वसूल झाले ते प्रॉब्लेम सेशनमध्ये. तिथं कॅमेरा बंद करून चहा पीत बसता येत नाही, पाळीनं सोडवून दाखवावं लागतं. माझ्या वाट्याला आलं: ० ते १ वरच्या कंटिन्युअस फंक्शन्सना इंटिग्रलचा नॉर्म (दोन आलेखांमधलं क्षेत्रफळ हेच अंतर) लावला तर स्पेस कंप्लीट नसते (एकमेकींच्या जवळ येत जाणाऱ्या फंक्शन्सची, म्हणजे कॉशी सिक्वेन्सची, लिमिट स्पेसबाहेर पडू शकते), हे दाखवा. माझ्याकडे टॅब नाही. दोन डब्यांवर मोबाइल आडवा ठेवला आणि खाली पाठकोऱ्या कागदावर आलेख काढला. अर्ध्यापर्यंत शून्य, मग एक भागिले एन एवढ्या रुंदीत चढण, पुढं सपाट एक. एन वाढेल तशी चढण खडी होते, दोन आलेखांमधलं क्षेत्रफळ शून्याकडे जातं; शेवटी उरते उभी पायरी, आणि ती कंटिन्युअस नाही. सर म्हणाले, "आता हेच सुप नॉर्मनं मोजा." (म्हणजे दोन आलेखांमधलं सर्वांत मोठं उभं अंतर.) मी गप्प. गडहिंग्लजची एक मुलगी बोलली, "सर, एन आणि टू-एन घ्या की!" घेतलं. अंतर दर वेळी बरोबर १/२. म्हणजे त्या मापानं ही सिक्वेन्स कॉशीसुद्धा नाही. परीक्षेत हे मी पूर्वी लिहिलंही असेन.

सरांनी ल्विवमधल्या (तेव्हा पोलंडमधलं, आता युक्रेनमधलं शहर) स्कॉटिश कॅफेची गोष्ट सांगितली होती. पोलिश गणिती बानाख आणि मंडळी तिथल्या संगमरवरी टेबलांवर गणितं लिहायची. ती पुसली जाऊ नयेत म्हणून वही आली. १९३६ साली त्यांच्यातल्या माझुरनं त्यात एक प्रश्न लिहून जिवंत हंस (गूज) बक्षीस लावलं, ते १९७२ साली प्रश्न सोडवून स्वीडिश गणिती पेर एन्फ्लोनं मिळवलं. आमची अडचण वेगळी, टेबलच नाही. चॅटमध्ये नॉर्मच्या उभ्या रेघा टाइप करताना जीव जातो. मग कोर्समधले कोल्हापूरचे आम्ही तिघं रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर वही घेऊन बसू लागलो. एल-टू स्पेसमधले (पदांच्या वर्गांची बेरीज सांत असलेल्या सिक्वेन्सची स्पेस) प्रमाण बेसिस व्हेक्टर्स अनंत, सगळे एकाच युनिट बॉलमध्ये, आणि कुठलेही दोन घ्या, अंतर √२. त्यातून कन्व्हर्ज होणारी सबसिक्वेन्स निघणार कुठून! बंद आणि बाउंडेड असूनही बॉल कॉम्पॅक्ट (प्रत्येक सिक्वेन्समधून अशी सबसिक्वेन्स निघेलच असा) का नाही, हे भेळ संपायच्या आत पटलं.

असाइनमेंट तपासून येतात उशिरा, आणि नुसते मार्क. चूक कुठं झाली ते आपणच शोधायचं. रिअल ॲनालिसिस कच्चं असेल तर आत्ता लावू नका; सेट-नेटची तयारी करणाऱ्यांनी मात्र जरूर बघावा. पुढचं सत्र स्पेक्ट्रल थिअरीचं आहे. नाव नोंदवलंय, आधी टॅब घेणार.