रेड टेल की रेनबो? खानदेशातल्या टाकीत कोणता शार्क टिकेल

माझ्याकडे भुसावळला रेड टेल शार्क आहे, साडूकडे धुळ्याला रेनबो शार्क, दोन्ही घरातल्या काचेच्या टाकीत पाळायचे मासे. दोघांच्या टाक्या एकाच मापाच्या, चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे काठोकाठ भरल्या तर अडीचशे लिटर. त्यामुळे "भाऊ, शार्क घ्यायचाय, कोणता घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी टाकीचं माप विचारतो. दोन बाय एक बाय एकच्या टाकीत जेमतेम ५७ लिटर पाणी मावतं. तेवढ्यात या दोघांपैकी एकही नको, गप्पी पाळा आणि सुखात राहा.

नाव शार्क असलं तरी कूळ कार्पचं. हतनूर धरणावर जाळ्यात येणाऱ्या रोहू-कटल्याचे हे लांबचे भाऊबंद. पाठीवरचा तिकोनी पर ताठ उभा राहतो, एवढ्यावरून हे नाव पडलं. रेड टेल काळाकुळकुळीत, लाल फक्त शेपूट, आणि पाठीच्या पराच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका. रेनबो अंगाने सडपातळ, राखाडी, पण शेपटीसकट सगळे पर लाल-केशरी. त्याचा पांढरा अल्बिनोही मिळतो. दुकानातली पिल्लं फिकुटलेली असतात, तेव्हा रंगावर न जाता पर बघा. दोघंही मोठे होऊन हाताच्या पंजाएवढे, म्हणजे पाच-सहा इंचांचे होतात. रेड टेल मूळचा थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. एके काळी तो नदीतून नामशेष झाला असंच धरलं होतं, नंतर पुन्हा सापडला, पण आजही अतिसंकटग्रस्त आहे. आपल्याकडे येतात ते हार्मोनचं इंजेक्शन देऊन शेततळ्यांत पैदास केलेले.

दुकानात "शार्क" म्हणून आणखी दोन मासे पुढे करतात. चंदेरी बाला शार्क फूटभर होतो आणि त्याला सोबतीला चार-पाच जण लागतात. दुसरा पंगास, तो तर तळ्यात वाढवून खायचा मासा, मीटरभर होतो. बोटाएवढा असताना गोड दिसतो म्हणून घेऊ नका.

आता स्वभाव. खरा फरक इथेच आहे. दोघंही तळाशी आपला इलाका आखून बसतात, पण रेड टेल जास्त खुनशी. हे मी पैसे मोजून शिकलो. पहिल्या वेळी दुकानदार म्हणाला, "मासे जोडीनेच न्यावेत, एकटा झुरतो." मला पटलं, दोन आणले. आठवडाभर दोघं आपापल्या कोपऱ्यात होते. मग मोठ्याने धाकट्याला धरलं. धाकटा फिल्टरच्या मागे, पाण्याच्या वरच्या थरात तिरका लटकून राहायचा, शेपटीचा लाल रंग उडून पार गुलाबी झालेला, पराच्या कडा चिंध्या. महिना पुरा व्हायच्या आत गेला. हा मासा एकटा राहिला म्हणून झुरत नाही. एका टाकीत एकच ठेवा, आणि रेड टेल व रेनबो एकत्र तर मुळीच नको. ते एकमेकांना सख्खे वैरी मानतात.

सोबतीला वरच्या-मधल्या थरात पळणारे चपळ मासे लागतात. माझ्याकडे आठ टायगर बार्ब आहेत, रेड टेल त्यांच्या मागे धावतो पण हाती कोणी लागत नाही. साडूच्या रेनबोसोबत गुरामी नांदतात, माझ्याकडे मी ते धाडस केलं नसतं. गोल्डफिश दोघांसोबतही नको, बिचारा संथ आणि त्यात लाल. तळाला राहणारे कोरी (छोटे कॅटफिश) हेही नकोत. लपायला कुंडीचा फुटका तुकडा, लाकडाचा ओंडका, दगडांची कपार द्या. एक गंमत सांगतो: हे मासे ओंडक्यावर पोट टेकवून निवांत पडून राहतात. साडूच्या आईने पहिल्यांदा बघितलं आणि ओरडल्या, "हाऊ आडा पडेल शे, मरी गया का?" तोवर तो उठून पळालाही होता.

खाणं दोघांचं जवळपास सारखंच, इथे निवडायचा प्रश्न नाही. दोघंही सर्वभक्षी आणि तळाशी चरणारे. त्यामुळे तरंगणारे दाणे टाकले तर बार्ब सगळं फस्त करतात आणि शार्क उपाशी राहतो. बुडणारे दाणे किंवा शेवाळाच्या वड्या घ्या आणि संध्याकाळी दिवा मालवल्यावर, त्याच्या कपारीजवळच टाका. आठवड्यातून दोनदा भाजी: काकडीची चकती, उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान, साल काढलेला मटार. माझ्याकडे गिलक्याची पातळ चकतीही चालते, काट्याला टोचून तळाशी ठेवली की गर खाऊन सालीची रिंग सोडतो. भाजी आधी पाण्यात भिजवून चांगली धुवा, फवारणीचं औषध माश्याला आपल्यापेक्षा लवकर भोवतं. उरलेली चकती सकाळी काढून टाका. कधीमधी गोठवलेला ब्लडवर्म (लाल अळ्या) द्या. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडा) मी देत नाही, तो गटाराच्या पाण्यात वाढतो आणि रोग घेऊन येतो. दाणे दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच टाकायचे, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. रेनबो टाकीतलं शेवाळ जरा जास्त मन लावून खरवडतो, एवढा एक गुण त्याच्या बाजूने. पण काच तो स्वच्छ ठेवेल या आशेवर राहू नका.

खानदेशात मात्र जात कोणती यापेक्षा उन्हाळा जास्त ठरवतो. दोघांनाही २२ ते २६ अंश पाणी मानवतं. आपल्याकडे बाहेर पारा ४४-४५ वर गेला की घरातल्या टाकीचं पाणी सहज तेहतिसाच्या पुढे जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, ३५ अंशाला सातच्या आसपास. त्यात बोअरचं पाणी क्षाराचं असलं आणि पीएच आठाकडे गेला, तर कुजलेल्या खाण्यातून सुटणारा अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून एप्रिल-मे मध्ये दाणे निम्मे करा, आणि वीज गेली असेल तर काहीच टाकू नका. एअर पंप चार-पाच वॅट खातो, इन्व्हर्टरवर तो आधी जोडा, टीव्ही नंतर.

पाणी थंड करायला आपली कोरडी हवाच कामाला येते. कूलर जसा चालतो तसंच: पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. अडचण अशी की त्यासाठी झाकण काढावं लागतं, आणि हे दोघंही उड्या मारतात. साडूचा पहिला रेनबो असाच सकाळी फरशीवर सापडला. आता आम्ही दोघांनीही मच्छरदाणीची जाळी चौकटीला ताणून वर ठेवली आहे. पंख्यामुळे पाणी रोज बोटभर आटतं, पण क्षार टाकीतच राहतात. ती भर बोअरच्या पाण्याची घातली तर क्षार वाढतच जातात, म्हणून आरओचं पाणी वापरा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना नळाचं क्लोरीन मारायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे टाका.

मग घ्यायचा कोणता? टाकीत आधीच शांत मासे असतील तर रेनबो. टाकी याच एकाच्या नावावर करणार असाल आणि बार्बसारखे चपळ सोबती चालत असतील तर रेड टेल. काळ्या अंगावरचं ते लाल शेपूट दिव्याखाली दिसतं तेव्हा मला माझ्या निवडीचा पश्चात्ताप होत नाही. फक्त एप्रिलमध्ये घेऊ नका. नवी टाकी दिवाळीच्या आधी चालू करा, पाच-सहा आठवडे फिल्टर मुरू द्या, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू द्या, आणि मासा त्यानंतर आणा. मार्चमध्ये ऊन तापेपर्यंत तो आपली कपार ठरवून मोकळा झालेला असतो.