पाठीवर कुणी नसलेला घोडा की बुद्धमूर्ती?

सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाचा गृहत्याग कोरलाय. कंथक घोडा नगराबाहेर निघालाय, वर छत्र धरलंय, पण पाठीवर कुणीच नाही. या जुन्या शिल्पांत बुद्धाला माणसाच्या रूपात न दाखवता असं खुणांनीच सुचवलंय. शेवटी दगडात उरतात ती नुसती पावलं. बोधिवृक्ष म्हणजे ज्ञानप्राप्ती, चक्र म्हणजे पहिलं प्रवचन. खुणा ठाऊक नसतील तर मात्र सगळं डोक्यावरून जातं.

गांधार आणि मथुरा इथल्या शिल्पकलेत रुळलेली, माणसाच्या रूपातली बुद्धमूर्ती त्यामानाने सोपी. उजवा हात जमिनीला टेकलेला दिसला की मारावरचा, म्हणजे बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्यावरचा, विजय. दोन्ही हात छातीशी, चक्र फिरवल्यासारखे, म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन: दुःख आहे, ते तृष्णेतून येतं, ते थांबू शकतं, त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे.

नवख्याने मूर्तीपासूनच सुरुवात करावी. मला मात्र घोडा जास्त भावतो. ‘अनात्म’, म्हणजे कायमचा असा ‘मी’ नसतोच हा विचार, समजावताना मी आधी तोच दाखवतो.